विकलेला माल

पाटी अजून आहे, फक्त उलटी टांगलीय.
पाठकोऱ्या बाजूला वहिनींच्या पोरानं
स्केचपेननं काढलेला जिराफ,
सुलट्या बाजूला थोरल्या मालकांचं अक्षर:
एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

त्या ओळीखाली मी सव्वीस वर्षं गल्ल्यावर बसलो,
चाटी गल्लीत, करकरणाऱ्या पंख्याखाली,
आणि म्हणत आलो, सोमवारी या.
सोमवारी मालक हैदराबादला असायचे.
मंगळवारी सुटे नसायचे.
बुधवारी, अहो, आत्ताच बँकेत भरणा केला की.
चौथ्यांदा येणारा माणूस
चपला पायरीखाली काढून यायचा,
स्वतःचेच पैसे मागायला, देवळात आल्यासारखा.
पाचव्यांदा यायचा नाही.
त्याला आम्ही 'मिटलं' म्हणायचो.

मिटलेला माणूस समोरच्या दुकानात जायचा,
जाताना भावजय न्यायचा, शेजार न्यायचा,
तीन घरांची बारशी आणि एक लग्न न्यायचा.
आम्हाला दिसलं नाही.
न येणाऱ्यांसाठी रोकडवहीत रकाना नसतो.

मग मे महिन्यात, भर साडेबाराला,
विडी घरकुलातून नरसव्वा गड्डम आली.
काखेत चादर, पदराच्या गाठीत बिल.
पहिल्याच धुण्यात मोर विरघळला होता,
जावयाचा पांढरा सदरा निळा.
रिक्षात ती सगळं घोकत आली असणार,
आधी तेलुगूत, मग मराठीत,
कारण पायरी चढताना ओठ हलत होते.

राजेश्वरी वहिनींनी बोट पाण्यात बुडवलं,
मोराच्या मानेवर घासलं,
निळं झालेलं बोट मला दाखवलं
आणि म्हणाल्या, अंबादास, सातशे चाळीस.
बस्स.

नरसव्वानं नोटा दोनदा मोजल्या.
मग स्टुलावर बसली, पाणी मागितलं,
आणि तरीही सगळं सांगितलं,
सदऱ्याचं, जावयाच्या तोंडाचं,
कारखान्यात बुडालेल्या अर्ध्या दिवसाचं.
पैसे मिळाले होते,
पण घरून बांधून आणलेलं भांडण
तसंच परत कसं न्यायचं?
आम्ही ऐकलं. गिऱ्हाईक नव्हतंच उन्हात.
जाताना तिनं काही घेतलं नाही, रुमालसुद्धा.

रात्री मी विचारलं, हे कुठल्या खात्याला टाकू?
वहिनी बोट घासत होत्या, रंग निघत नव्हता.
म्हणाल्या, महिन्यानं दिले असते
तरी सातशे चाळीसच गेले असते ना?
मग तिचे चार सोमवार
आपण कशाला ठेवून घ्यायचे?

गड्ड्याच्या जत्रेत ती आली, चौघीजणींना घेऊन.
एकीनं पिशवीतून फाटका टॉवेल काढला.
मी म्हणालो, अहो, हा आमचा नाही.
ती म्हणाली, ठाऊक हाय की.
पण तिथं सोमवारी या म्हणतेत.
हसून हसून वहिनींना ठसका लागला.
टॉवेलचे पैसे नाही दिले,
एवढे काही आम्ही संत नाही.
पण त्या दिवशी सहा चादरी गेल्या,
आणि प्रत्येकीनं आधी बोट ओलं करून घासून बघितलं.

त्यानंतर मी जुनी वही काढली.
कुरापाटी मास्तर, दोनशे दहा रुपये,
एक सतरंजी, कडेला उसवलेली.
नावापुढं माझ्याच अक्षरात 'मिटलं'.
तेरा वर्षं.
पत्ता शोधत जुळे सोलापूरला गेलो,
पाकिटात दोनशे दहा, वर माझे नव्वद.
मास्तर गेले होते. दार लेकीनं उघडलं.
दुकानाचं नाव सांगितलं तर आठवत राहिली,
मग म्हणाली, तुमची काहीतरी चूक होतेय काका,
आमच्या घरी
तिकडनं कुणीच काही घेत नाही.